सुटकेच्या कागदाचा प्रवास

पनवेल तालुक्यात एखाद्याला अटक झाली की त्याच्या नावाचे कागद वेगवेगळ्या दिशांना चालू लागतात. गुन्हा दाखल होतो नवी मुंबई पोलीस आयुक्तालयाच्या ठाण्यात. आयुक्तालयाचे मुख्यालय बेलापूरला, म्हणजे ठाणे जिल्ह्यात. रिमांड आणि खटला पनवेलच्या न्यायालयात. ते न्यायालय रायगड जिल्हा न्यायालयाच्या अखत्यारीतले आणि त्याचे मुख्य ठिकाण अलिबाग. न्यायालयीन कोठडी मिळाली की आरोपीची रवानगी बहुधा तळोजा मध्यवर्ती कारागृहात होते. कारागृह तालुक्यातच आहे, पण त्याचा कारभार पुण्याच्या कारागृह मुख्यालयाकडून चालतो. वकील करण्याची ऐपत नसेल, तर मोफत वकील देणारे जिल्हा विधी सेवा प्राधिकरण पुन्हा अलिबागला. एका माणसाच्या स्वातंत्र्याचा हिशेब असा चार-पाच दप्तरांत वाटला गेलेला असतो.

या दप्तरांची गाठ आजवर कशासाठी घातली गेली आणि कशासाठी घालायची राहून गेली, याचा माग कायद्यांची कलमे, न्यायालयांचे आदेश आणि सरकारी अहवाल यांतून काढता येतो. हे सगळे कागद तारखांच्या क्रमाने लावले की एक गोष्ट ठळक दिसते. माणसाला धरून ठेवण्यासाठी सरकारी नोंदी एकमेकींना जोडण्याची विद्या आपल्याकडे शंभर वर्षांहून जुनी आहे. त्याला वेळेवर सोडण्यासाठी त्याच नोंदी जोडाव्यात, हे मात्र न्यायालयांना एकेक आदेश काढून शिकवावे लागले, आणि तो धडा अजून पुरा झालेला नाही.

पळस्पे, १८७९

पनवेलपासून जवळच शिरढोण आहे. वासुदेव बळवंत फडक्यांचा जन्म इथे १८४५ साली झाला. १८७६ ते १८७८च्या दुष्काळानंतर त्यांनी रामोशी, कोळी अशा जमातींतले साथीदार गोळा करून सरकारविरुद्ध बंड केले. १८७९च्या मे महिन्यात त्यांचे सहकारी दौलतराव नाईक यांच्या टोळीने पनवेलजवळच्या पळस्पे आणि चिखली या गावांवर धाड घातली. परतीच्या वाटेवर मेजर डॅनियलच्या तुकडीने त्यांना गाठले आणि दौलतराव मारले गेले. त्याच वर्षी जुलैमध्ये विजापूर जिल्ह्यातल्या देवर नावडगी इथे फडके पकडले गेले. पुण्यात खटला चालला, जन्मठेपेची काळ्या पाण्याची शिक्षा झाली, आणि १७ फेब्रुवारी १८८३ रोजी एडनच्या तुरुंगात त्यांचे निधन झाले.

या प्रकरणाचे कागद कसे टिकले, हे आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. फडक्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलेले आत्मवृत्त पोलिसांच्या हाती लागले आणि खटल्यात त्यांच्याविरुद्ध पुरावा म्हणून वापरले गेले. पुढे मुंबई सरकारने स्वातंत्र्यलढ्याच्या साधनांचा जो पहिला खंड १९५७ साली छापला, त्यात हे साहित्य आले. म्हणजे बंड का केले याविषयी फडक्यांचे शब्द आज वाचायला मिळतात, ते सरकारने ते जप्त करून जपले म्हणून. त्यांच्याबरोबर डोंगरात हिंडलेल्या बहुतेक साथीदारांचे असे काही हाती लागत नाही. ते कागदांत दिसतात ते जातीच्या नावाने आणि टोळीतला माणूस म्हणून. ते दुष्काळात काय खात होते, कोणत्या सावकाराचे देणे लागत होते, यासाठी गुन्ह्याच्या दप्तरात जागा नव्हती. अभ्यासकाला ते जमाबंदीच्या आणि दुष्काळाच्या कागदांत जाऊन शोधावे लागते. महसूल खात्याचा कागद आणि फौजदारी कागद एकाच कचेरीच्या आवारात असूनही माणसाच्या बाजूने कधी शेजारी ठेवले गेले नाहीत.

नोंदवही, ठसा आणि वाढीव शिक्षा

माणसाच्या विरुद्ध मात्र ते शेजारी ठेवले गेले, आणि तेही फार काटेकोरपणे. गुन्हेगार जमातींचा पहिला कायदा १८७१चा. तो सुरुवातीला उत्तर हिंदुस्थानापुरता होता. १९११च्या कायद्याने ही व्यवस्था मुंबई इलाख्यासह देशभर लागू करता येऊ लागली. प्रांतिक सरकारने अधिसूचना काढून एखादी जमात गुन्हेगार ठरवायची, तिच्यातल्या माणसांची नोंदवही तयार करायची, बोटांचे ठसे घ्यायचे, ठरलेल्या वेळी हजेरी लावायची, गाव सोडताना वर्दी द्यायची. त्या अधिसूचनेच्या वैधतेवर कोणत्याही न्यायालयात प्रश्न उपस्थित करायची सोय नव्हती.

१९२४च्या एकत्रित कायद्यात या नोंदवहीचा सर्वांत कठोर उपयोग दिसतो. नोंदलेल्या जमातीतल्या माणसाला परिशिष्टातल्या गुन्ह्यासाठी दुसऱ्यांदा शिक्षा झाली, तर किमान सात वर्षे कैद. तिसऱ्यांदा झाली, तर जन्मठेप. हे कलम अमलात आणायचे तर पहिली शिक्षा कुठे झाली हे दुसऱ्या न्यायालयाला कळले पाहिजे. त्यासाठी ठसा, नोंदवही आणि न्यायालयाचा निकाल यांची सांगड अपरिहार्य होती, आणि संगणकाचे नावही नव्हते तेव्हा ती घातली गेली. एका जिल्ह्यातल्या अंगठ्याच्या ठशावरून दुसऱ्या जिल्ह्यात माणसाचे उरलेले आयुष्य ठरत होते. नोंदी जोडणे अवघड असते म्हणून सुटका लांबते, हे स्पष्टीकरण या इतिहासापुढे टिकत नाही.

३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा देशभर रद्द झाला. त्या दिवसाची आठवण विमुक्त दिन म्हणून पाळली जाते. पण नोंदवहीची सवय दुसऱ्या वाटेने पुढे चालू राहिली. मुंबई राज्याने १९५९ साली सराईत गुन्हेगारांविषयीचा कायदा केला. कायद्यात आता जमातीचे नाव नव्हते, व्यक्तीच्या शिक्षांची मोजदाद होती. तरी पोलीस ठाण्याच्या सराईतांच्या यादीत कोणत्या वस्तीतली नावे आधी चढतात, हे पारधी, कैकाडी आणि रामोशी वस्त्यांना सांगावे लागत नाही. चोरी झाली की पहिला छापा कुठे पडतो, यावर ही जुनी वही अजून आपला हक्क सांगते.

पहिला तक्ता

नोंदी सुटकेसाठी जोडाव्यात, ही कल्पना न्यायालयीन कागदांत ठळकपणे आली ती १९७८-७९ साली. १९७८च्या मोतीराम खटल्यात मध्य प्रदेशातल्या एका गवंड्याला सर्वोच्च न्यायालयाने जामीन दिला होता. दंडाधिकाऱ्याने १० हजार रुपयांचा जामीनदार मागितला, आणि भाऊ जामीन राहायला तयार असताना त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून त्याला नाकारले. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी ही अट अन्यायकारक ठरवली. गरिबाचा जामीन कागदावर मंजूर होतो आणि जिल्ह्याच्या हद्दीवर अडतो, हे त्या निकालाने नोंदवून ठेवले.

पुढच्याच वर्षी हुसैनारा खातून प्रकरण आले. त्याची सुरुवात एका पोलीस अधिकाऱ्याच्या लेखांनी झाली. के. एफ. रुस्तमजी हे मूळचे नागपूरजवळच्या कामठीचे, सीमा सुरक्षा दलाचे पहिले महासंचालक आणि तेव्हा राष्ट्रीय पोलीस आयोगाचे सदस्य. बिहारच्या तुरुंगांना भेटी देऊन त्यांनी तिथल्या कच्च्या कैद्यांविषयी लिहिले; ८ आणि ९ जानेवारी १९७९ रोजी ते लेख 'इंडियन एक्स्प्रेस'मध्ये छापून आले. त्यावरून ॲड. पुष्पा कपिला हिंगोरानी यांनी सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. आपल्यावरच्या आरोपाला जितकी कमाल शिक्षा आहे त्याहून जास्त काळ काही माणसे खटल्याविना आत होती.

सुनावणीत न्यायालयाने बिहार सरकारकडे जे मागितले ते या लेखाच्या दृष्टीने निर्णायक आहे. न्यायालयाने तक्ता मागितला: कोणत्या तुरुंगात, किती कच्चे कैदी, किती वर्षांपासून, मोठ्या गुन्ह्याचे किती आणि किरकोळ गुन्ह्याचे किती. कोठडीचे दिवस तुरुंगाच्या वहीत होते, आरोपाचे कलम न्यायालयाच्या रोजनाम्यात होते, कमाल शिक्षा कायद्याच्या पुस्तकात होती. तिन्ही एका ओळीत मांडली की अन्याय आपोआप वाचता येत होता. ती ओळ त्याआधी कोणी मांडली नव्हती, कारण ती मांडणे हे कोणाच्याच कामाच्या यादीत नव्हते.

अर्धी शिक्षा कोण मोजणार?

ते काम कायद्यात यायला आणखी पाव शतक गेले. फौजदारी प्रक्रिया संहितेतले कलम ४३६अ जून २००६मध्ये लागू झाले. आरोपाच्या कमाल शिक्षेच्या निम्मा काळ कोठडीत गेला असेल, तर कच्च्या कैद्याला जातमुचलक्यावर सोडावे, असे त्याचे सार. फाशीची शिक्षा असू शकेल असे गुन्हे त्यातून वगळलेले होते.

वरवर हे साधे गणित आहे, पण त्यातली एकही संख्या एका खात्याच्या ताब्यात नाही. साध्या चोरीसाठी भारतीय दंड संहितेच्या कलम ३७९ खाली कमाल ३ वर्षे शिक्षा होती, म्हणजे निम्मी दीड वर्षे. जबरी चोरीच्या कलम ३९२ खाली १० वर्षे, म्हणजे निम्मी ५ वर्षे. आता समजा, पोलिसांनी प्रथम खबरीत ३९२ लावले आणि आरोप निश्चित करताना न्यायालयाने ते ३७९ केले. हा बदल न्यायालयाच्या रोजनाम्यात आला, पण तुरुंगातल्या वॉरंटवर आणि बंद्याच्या हिस्ट्री तिकिटावर जुनेच कलम राहिले, तर तुरुंगाचा कारकून प्रामाणिकपणे चुकीचे गणित करील. माणूस दीड वर्षाच्या हिशेबात बसत असताना पाच वर्षांच्या हिशेबात मोजला जाईल. यात कोणाचीही दुष्ट बुद्धी लागत नाही. दोन खात्यांच्या नोंदी एकमेकींना भेटल्या नाहीत, एवढेच पुरते.

माजी सरन्यायाधीश आर. सी. लाहोटी यांनी १३ जून २०१३ रोजी तुरुंगांच्या स्थितीविषयी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिले, आणि त्या पत्राची याचिका झाली. तिच्यात २४ एप्रिल २०१५ आणि ५ फेब्रुवारी २०१६ रोजी दिलेल्या आदेशांनी प्रत्येक जिल्ह्यातल्या कच्च्या कैद्यांच्या आढावा समितीला बळ दिले. समितीचे अध्यक्ष जिल्हा न्यायाधीश. बरोबर जिल्हाधिकारी, पोलीस प्रमुख आणि विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव. दर तीन महिन्यांनी बैठक. तुरुंगांच्या नोंदींसाठी संगणकीय माहिती व्यवस्था लवकरात लवकर उभारावी, हेही त्यात होते. हुसैनारा प्रकरणातला तक्ता आता कायमचा झाला, आणि त्याला एक टेबल आणि एक तारीख मिळाली.

तालुक्याच्या कागदांचा सुरुवातीला दिलेला नकाशा आठवला, की अशी समिती पनवेलसाठी किती आवश्यक आहे ते कळते. तळोज्यात एकट्या रायगडचे बंदी नसतात. मुंबई, ठाणे, नवी मुंबई परिसरातल्या न्यायालयांचेही असतात. कारागृह एका जिल्ह्यात आणि खटला दुसऱ्या जिल्ह्यात असलेल्या बंद्याचे नाव योग्य समितीपुढे जायचे असेल, तर तुरुंगाची यादी आधी न्यायालयवार लावावी लागते. हे पहिले पाऊल चुकले की तो माणूस दोन्ही समित्यांच्या मधल्या फटीत राहतो.

गरज पटली की ही यादी झपाट्याने तयार होते, याचा पुरावाही कागदांत आहे. कोविडच्या सुरुवातीला, २३ मार्च २०२० रोजी, सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना उच्चाधिकार समित्या नेमून तुरुंगांतली गर्दी कमी करायला सांगितले. महाराष्ट्रात सात वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यांतल्या बंद्यांचा विचार झाला आणि तीन दिवसांत गृहमंत्र्यांनी सुमारे ११ हजार बंद्यांच्या तात्पुरत्या सुटकेची घोषणा केली. कोणता बंदी कोणत्या कलमाखाली आहे, हे साथीच्या भीतीपोटी आठवड्याच्या आत पाहता येते. मग ते एरवी दर तीन महिन्यांनी पाहता येत नाही, असे कोणी म्हणू शकत नाही.

तळोज्याच्या कागदांत याची दुसरी बाजूही नोंदलेली आहे. आदिवासींच्या हक्कांसाठी काम करणारे ८३ वर्षांचे फादर स्टॅन स्वामी यांना ऑक्टोबर २०२०मध्ये अटक झाली आणि त्यांना तळोज्यात ठेवले गेले. पार्किन्सनमुळे पेला धरवत नसल्याने त्यांनी पिण्याची नळी आणि झाकणाचा पेला मिळावा असा अर्ज ६ नोव्हेंबरला न्यायालयात केला. तपास यंत्रणेने उत्तरासाठी २० दिवस मागितले आणि सुनावणी २६ नोव्हेंबरला ठेवली गेली. या वस्तू आपण जप्तच केल्या नव्हत्या, असे यंत्रणेचे उत्तर आले. आजार तुरुंगाच्या दवाखान्याला माहीत होता, अर्ज न्यायालयापुढे होता, उत्तर तपास यंत्रणेकडून यायचे होते. ५ जुलै २०२१ रोजी, जामिनाचे अपील उच्च न्यायालयात असतानाच, ते रुग्णालयात वारले. त्यांच्यावरच्या आरोपांविषयी कोणाचे मत काहीही असो, थरथरत्या हातांच्या माणसाला पाणी पिता येणे ही गोष्ट तीन दप्तरांत २० दिवस फिरायला नको होती.

जामीन मिळाला, सुटका नाही

३१ डिसेंबर २०२२ रोजी देशातल्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसे होती आणि त्यांतली ४,३४,३०२ कच्चे कैदी होती. दर चारांपैकी तिघांचा गुन्हा शाबीत झालेला नव्हता. तुरुंगांची एकूण क्षमता होती ४,३६,२६६. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या या आकड्यांतून एक गट मात्र वेगळा दिसत नव्हता: ज्यांना न्यायालयाने जामीन दिला आहे आणि तरी जे आत आहेत.

त्या गटाकडे लक्ष वेधले राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी, २६ नोव्हेंबर २०२२च्या संविधान दिनाच्या भाषणात. त्यांचा सूर होता की गरीब माणसे वर्षानुवर्षे आत राहतात, त्यांच्यासाठी काही करा. तीनच दिवसांनी सर्वोच्च न्यायालयातल्या न्यायमूर्ती संजय किशन कौल यांच्या खंडपीठाने देशभरच्या तुरुंगांकडून अशा बंद्यांची माहिती मागवली. जामीन कधी मिळाला, सुटका का झाली नाही, अशी ती माहिती होती. ती गोळा झाल्यावर ३१ जानेवारी २०२३च्या आदेशात आकडा आला: जामीन मिळूनही सुमारे ५,००० कच्चे कैदी आत होते, मदत मिळाल्यावर त्यांतले १,४१७ सुटले होते. विचारपूस झाली आणि मदत मिळाली म्हणून १,४१७ माणसे घरी गेली, असा त्याचा अर्थ होतो.

या आदेशातल्या सूचना नोंदी कशा जोडाव्यात याचा वस्तुपाठच आहेत. जामीन देणाऱ्या न्यायालयाने आदेशाची प्रत त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी ईमेलने तुरुंग अधीक्षकामार्फत बंद्याला पाठवावी. अधीक्षकाने जामिनाची तारीख तुरुंगांच्या ई-प्रिझन्स या संगणकप्रणालीत भरावी. सात दिवसांत सुटका झाली नाही, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवाला कळवावे. त्याने विधी स्वयंसेवक किंवा वकील तुरुंगात पाठवून कारण शोधावे. हे कळवणे माणसाच्या आठवणीवर राहू नये म्हणून प्रणालीतूनच आपोआप ईमेल जाईल अशी सोय राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने करावी. सचिवाने परिवीक्षा अधिकाऱ्यामार्फत बंद्याच्या आर्थिक स्थितीचा अहवाल मागवून जामिनाच्या अटी शिथिल करण्याची विनंती न्यायालयाला करावी. बाहेर आल्यावर जामीनदार देतो असे बंदी म्हणत असेल, तर तात्पुरत्या जामिनाचा विचार व्हावा. महिनाभरात बंधपत्र भरले गेले नाही, तर न्यायालयाने स्वतःहून प्रकरण पाहावे. आणि सुटका अडण्याचे एक कारण स्थानिक जामीनदाराचा आग्रह हे असल्याने तो धरू नये.

ही शेवटची सूचना म्हणजे मोतीरामच्या निकालाची ४५ वर्षांनी झालेली उजळणी आहे, आणि पनवेलला ती थेट लागू पडते. कळंबोलीच्या लोखंड बाजारातला हमाल, तळोजा औद्योगिक वसाहतीतला कंत्राटी कामगार, खारघर-उलव्याच्या इमारतींवरचा गवंडी हे परजिल्ह्यातले किंवा परराज्यातले असतात. जामीनदार हवा म्हणजे ज्याच्याकडे रेशनकार्ड, सातबारा, पगारपत्रक किंवा ऐपतीचा दाखला आहे असा इथला माणूस हवा. तालुक्यातल्या कातकरी वाडीवरल्या माणसाची अडचण वेगळी दिसते, पण निष्पत्ती तीच: तो पिढ्यान्‌पिढ्या इथला, पण पायाखालची जमीन त्याच्या नावावर नाही. दोघांचाही जामीन कागदावर मंजूर होतो आणि दोघेही बरॅकमध्येच राहतात.

पैशांअभावी अडलेल्यांसाठी केंद्राने २०२३ साली गरीब बंद्यांना साहाय्य करण्याची योजना काढली. मूळ योजनेनुसार जामिनासाठी ४० हजार आणि दंडासाठी २५ हजार रुपयांपर्यंत मदत जिल्हास्तरीय समिती मंजूर करू शकत होती. तिचीही सुरुवात सात दिवसांत सुटका झाली नाही हे तुरुंगाने कळवण्यापासूनच होते. पैसा दिल्लीत तरतूद होऊन पडलेला असतो. त्याला तळोज्यातला माणूस दिसतो तो त्या एका नोंदीमुळे.

धार दोन्ही बाजूंना

पोलीस, न्यायालय, तुरुंग, न्यायवैद्यक आणि अभियोग ही पाच दप्तरे संगणकावर जोडणाऱ्या व्यवस्थेच्या दुसऱ्या टप्प्याला केंद्राने २०२२ साली ३,३७५ कोटी रुपये मंजूर केले. एकदा भरलेली माहिती सर्वांनी वापरावी, हे तिचे तत्त्व. हिशेबाच्या दृष्टीने ही दप्तरजोडणी पूर्ण झाली की कलम ३७९ आणि ३९२चा घोळ मिटायला हवा. पण १९२४चा कायदा वाचलेल्या माणसाने इथे थांबून विचार केला पाहिजे.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ४७९ दोन्ही बाजू दाखवते. पूर्वी कधीही शिक्षा न झालेल्या आरोपीला आता निम्म्याऐवजी एक तृतीयांश काळानंतर सोडायचे आहे. तीन वर्षे शिक्षा असलेल्या चोरीत म्हणजे एका वर्षानंतर. हा काळ पूर्ण होताच न्यायालयाला लेखी कळवण्याची जबाबदारी कायद्यानेच तुरुंग अधीक्षकावर टाकली आहे. २३ ऑगस्ट २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हा लाभ जुन्या गुन्ह्यांतल्या बंद्यांनाही दिला. पूर्वी शिक्षा झाली नाही, हे ठरवायला जोडलेल्या नोंदी लागतात. त्याच कलमात मात्र अशीही तरतूद आहे की एकाहून अधिक गुन्हे किंवा खटले प्रलंबित असतील, तर या कलमाचा लाभ नाही. तीच जोडणी एका ओळीने दार उघडते आणि पुढच्या ओळीने बंद करते. ज्या वस्तीतल्या माणसाचे नाव प्रत्येक चोरीत सवयीने घातले जाते, त्याच्यावर नेहमीच एकाहून अधिक खटले प्रलंबित असणार. ठाण्याच्या वहीतला जुना पूर्वग्रह संगणकात गेला की तो पुरावा असल्यासारखा वागू लागतो.

नोंदी किती काळ जपायच्या याची उत्तरेही विषम आहेत. २०२२च्या फौजदारी प्रक्रिया (ओळख) कायद्याने घेतलेली मापे आणि ठसे ७५ वर्षे जपता येतात. निर्दोष सुटलेल्या, पूर्वी शिक्षा न झालेल्या माणसाची नोंद काढून टाकण्याची तरतूद आहे, पण ती पाळली जायची तर निकालाची बातमी ठशांच्या दप्तरापर्यंत पोहोचली पाहिजे. पुन्हा तोच प्रश्न: सुटकेच्या बाजूची नोंद पुढे नेणारा कोण?

३ ऑक्टोबर २०२४च्या सुकन्या शांता निकालाने हाच धागा जातीपर्यंत नेला. मुंबईच्या पत्रकार सुकन्या शांता यांनी तुरुंगांतल्या जातिभेदावर केलेल्या वृत्तांतानंतर ही याचिका दाखल झाली होती. सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगाच्या नोंदवह्यांतला जातीचा रकाना काढायला सांगितले, जातीनुसार कामे वाटणारे नियम रद्द केले, आणि विमुक्त जमातींच्या माणसांना सवयीने सराईत समजण्यावर बोट ठेवले. हा निकाल योग्य आणि आवश्यक होता. बरॅक आणि झाडू जातीवरून वाटणारी वही बंदच व्हायला हवी होती.

मात्र अन्याय मोजण्यासाठी समूहांची मोजदाद लागते. कच्च्या कैद्यांत अनुसूचित जातींचे प्रमाण लोकसंख्येतल्या प्रमाणाहून जास्त आहे, हे राष्ट्रीय आकडेवारीतूनच कळते. महाराष्ट्राच्या तुरुंगांतल्या मुस्लिम बंद्यांच्या परिस्थितीवर टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या विजय राघवन आणि रोशनी नायर यांनी राज्य अल्पसंख्याक आयोगासाठी २०११ साली अभ्यास केला, म्हणून तो प्रश्न चर्चेत आला. विमुक्त-भटक्यांसाठी राष्ट्रीय आकडेवारीत वेगळा रकाना नाही, म्हणून ज्या समाजांना सर्वांत आधी नोंदवहीत कोंडले, तेच समाज अन्यायाच्या तक्त्यात अदृश्य आहेत. यातून वाट आहे. ब्रिटनमध्ये न्याय मंत्रालयाने २०१९पासून न्यायालय, तुरुंग आणि परिवीक्षा यांच्या नोंदी जोडून, माणसांची ओळख काढून टाकून, त्या अभ्यासकांना सुरक्षितपणे उपलब्ध करण्याचा उपक्रम चालवला आहे. बरॅकच्या दारावर जात नको, आणि समाजाला दाखवायच्या तक्त्यात ती समूह म्हणून हवी. हे दोन्ही एकाच वेळी साधता येते, अट एवढीच की दोन दप्तरे वेगळी ठेवावीत.

पनवेलने काय मागावे

या सगळ्या कागदांतून निघणारी मागणी मोठ्या यंत्रणेची नाही. रायगडच्या आढावा समितीने दर तीन महिन्यांनी नावे वगळून एक तक्ता जाहीर करावा. पनवेलच्या न्यायालयांचे किती बंदी तळोज्यात आहेत. त्यांतले किती एक तृतीयांश किंवा निम्म्या शिक्षेच्या पुढे गेले. जामीन मिळून सात दिवस उलटलेले किती आणि महिना उलटलेले किती. अडले ते जामीनदारामुळे, पैशांमुळे, दुसऱ्या खटल्यामुळे की आदेशच पोहोचला नाही म्हणून. या गटांत अनुसूचित जाती-जमाती, विमुक्त आणि परजिल्ह्यातले कामगार किती. ही सगळी माहिती आज सरकारच्याच कुठल्या ना कुठल्या दप्तरात आहे. पनवेलचे वकील, पत्रकार आणि महाविद्यालयांतले विधीचे विद्यार्थी ती मागू शकतात आणि तपासू शकतात.

आणि या तक्त्याच्याही आधी एक गोष्ट व्हावी. तळोज्यातल्या प्रत्येक बंद्याला दर महिन्याला त्याच्या नोंदीची एक छापील ओळ मिळावी, त्याला कळणाऱ्या भाषेत: आजची कलमे, त्यांची कमाल शिक्षा, कोठडीतले दिवस, सुटकेचा हक्क सुरू होण्याची तारीख, वकिलाचे नाव. वाचता येत नसेल, तर ती मोठ्याने वाचून दाखवावी. कलम चुकले असेल, तर ते त्याच्याइतके लवकर कोणालाच कळणार नाही. दीडशे वर्षे या नोंदी माणसाविषयी लिहिल्या गेल्या आणि त्याच्यापासून लपवल्या गेल्या. जोडलेली माहिती सर्वांत आधी ज्याच्या आयुष्याची आहे त्याच्या हातात पडली, तर आढावा समिती, स्वयंचलित ईमेल आणि कोट्यवधींची प्रणाली या सगळ्यांना तपासणारा एक माणूस तुरुंगाच्या आतच तयार होईल, आणि त्याच्याइतका जागरूक लेखापरीक्षक सरकारला दुसरा मिळणार नाही.